अटॅकनंतर गाडी पुन्हा कधी चालवायची? (कार, स्कूटर आणि ट्रॅक्टर)

मुग्धा_दिंडोरी

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६१) १२ दिवसांपूर्वी अटॅक आला. त्याच दिवशी उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्ज कार्डावर असं आहे: अँटिरिअर वॉल एमआय (हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक), एलएडीमध्ये (हृदयाची पुढची डावी रक्तवाहिनी) एक स्टेंट, आरसीएमध्ये (उजवी रक्तवाहिनी) ६० टक्के ब्लॉक (सध्या औषधांवर), ईएफ ४२ टक्के. गोळ्या: ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट. शुगर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

कार्डावर ‘जड काम टाळा, सहा आठवड्यांनी फॉलोअप’ एवढंच लिहिलंय. गाडीबद्दल एक अक्षर नाही. त्यांना आता बरं वाटतंय आणि किल्ली मागायला लागलेत.

१) गिअरची कार किती दिवसांनी चालवावी?
२) गावातल्या गावात स्कूटर चालेल का?
३) द्राक्षबागेची छाटणी तोंडावर आली आहे. छाटणीनंतर ब्लोअरची फवारणी सुरू होईल. ट्रॅक्टर ते स्वतःच चालवतात.
४) लायसन्सचं नूतनीकरण डिसेंबरात आहे. आरटीओला सांगावं लागतं का?

---

नाडीपरीक्षा

मुग्धा, आधी कारचं बघू. बाकीची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतील.

अटॅकनंतर गाडी नको म्हणतात ती दमणुकीमुळे नाही. सपाट रस्त्यावर कार चालवायला फार ताकद लागत नाही. भीती असते ती काही सेकंदांत शुद्ध जाण्याची. रक्त न मिळाल्याने हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला, त्याच्या कडेला अर्धवट दुखावलेला स्नायू असतो आणि तिथून ठोक्यांची लय बिघडू शकते. हा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो, पुढच्या आठवड्यांत उतरत जातो. किती उतरला याचा सगळ्यात सोपा अंदाज ईएफवरून येतो. ईएफ म्हणजे डावा कप्पा एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो ते. साधारण ५५ च्या पुढे चांगलं; ४० च्या खाली गेलं की सावध; ३५ किंवा त्याहून कमी राहिलं तर डॉक्टर आयसीडी (लय बिघडली की शॉक देऊन ती सावरणारं, छातीत बसवायचं यंत्र) बसवण्याचा विचार करतात, तोही लगेच नाही, किमान ४० दिवस थांबून.

आपल्याकडे ‘इतके दिवस’ असा आकडा कायद्यात नाही, म्हणून पुष्कळ डॉक्टर ब्रिटनचा नियम हाताशी धरतात. तिथे खासगी कारसाठी एका आठवड्याने परवानगी आहे, पण अटी आहेत: अँजिओप्लास्टी यशस्वी झालेली हवी, पुढच्या चार आठवड्यांत दुसरी तातडीची अँजिओप्लास्टी किंवा बायपास ठरलेली नको, घरी सोडण्याआधीचं ईएफ ४० किंवा त्यावर हवं आणि गाडी चालवण्याच्या आड येणारा दुसरा आजार नको. यातली एकही अट चुकली तर चार आठवडे.

कागदावर तुमचे बाबा एका आठवड्याच्या गटात बसतात. तरी माझं मत चार आठवड्यांचं आहे. कारणं अशी:

ईएफ ४२ म्हणजे रेघेच्या अगदी जवळ. टू-डी इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) बघणाऱ्यागणिक पाच टक्के इकडेतिकडे सहज होतात. शिवाय अटॅकनंतर लगेच केलेला इको हा ‘बधिर’ झालेल्या स्नायूचा असतो. पुढे तो सुधारू शकतो, तसाच राहू शकतो, क्वचित घसरतोही. सहा आठवड्यांच्या फॉलोअपला इको पुन्हा करायला नक्की सांगा.

दुसरं, आरसीएचा ६० टक्के ब्लॉक. तो त्रास देतोय का, हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. जिना चढताना, जेवून लगेच चालताना, सकाळच्या गारठ्यात छातीवर दडपण येतं का, ते नोंदवा. विश्रांतीत किंवा गाडीत बसल्या बसल्या दुखत असेल तर किल्लीचा विषय बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल.

तिसरं आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं: ग्लिमेपिराइड. या गोळीने साखर एकदम उतरू शकते. एरवी साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस सावध होतो. मेटोप्रोलॉल नेमकी ही दोन्ही लक्षणं दाबतं. घाम मात्र तरीही येतो, तेवढी एकच खूण हातात राहते. अटॅकनंतर जेवण कमी झालंय आणि गोळी पूर्वीच्याच मात्रेत सुरू आहे, असं घरोघरी होतं. गाडी काढण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघायची. ९० च्या खाली असेल तर आधी काही खायचं. ७० च्या खाली गेली तर गोड घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची आणि साखर सावरल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कारण डोकं जागेवर यायला मीटरपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता घरी करायची एक तपासणी. डिजिटल बीपी मशीन आहे ना? सकाळच्या गोळ्या घेऊन दोनेक तास झाले की त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवा आणि बीपी मोजा. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी मोजा. शेजारी कुणीतरी उभं राहा. वरचा आकडा २० किंवा जास्त, किंवा खालचा १० किंवा जास्त उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय. सलग तीन दिवस करा आणि आकडे इथे टाका.

टिकाग्रेलॉरने काहींना अधूनमधून दम लागल्यासारखं होतं. बाबांना तसं झालं तर घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. नव्या स्टेंटवर ही गोळी मध्येच सोडली तर त्यात गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो.

---

क्लचप्लेट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी हात, पाय आणि वाहन यांच्या बाजूने लिहितो.

मनगट. सुई उजव्या मनगटात होती, म्हणजे कारमध्ये गिअर टाकताना एकट्याने स्टिअरिंग धरणारा हात. पहिला आठवडा या हाताने जोर नाही, पिळणं नाही, जड पिशवी नाही. १२ दिवस झालेत, जखम भरली असेल. तरी गाठ, सूज, बोटांना मुंग्या किंवा बोटं थंड पडणं असं काही असेल तर आधी दाखवा. (ज्यांची मांडीतून झाली आहे त्यांच्यासाठी: बहुधा उजवी मांडी असते आणि ब्रेक त्याच पायाचा. जांघेत गोळा किंवा दुखरेपणा असताना अचानक करकचून ब्रेक मारायची वेळ आली तर पाय कचरतो.)

स्कूटर. लोकांना ती कारपेक्षा हलकी वाटते. माझ्या मते ती कारच्या नंतर सुरू करावी. कारमध्ये भोवळ आली तर निदान सीट आणि बेल्ट सावरतात. स्कूटरवर दोन सेकंदांची भोवळ म्हणजे थेट रस्ता. त्यात ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर दोन्ही सुरू, म्हणजे डोक्याला मार लागला तर रक्तस्राव थांबता थांबत नाही. हेल्मेट गावातल्या गावातही हवं. गाडी डबल स्टँडवर चढवणं आणि किक मारणं दोन्ही बंद. साइड स्टँड आणि बटन-स्टार्ट वापरा. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या कुणालातरी बोलवा.

ट्रॅक्टर. याला मी या हंगामापुरतं साफ नाही म्हणेन. कारमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला की गाडी मंदावते. फवारणीला ट्रॅक्टरचा हात-ॲक्सिलरेटर लावून ठेवलेला असतो, कारण पीटीओवरच्या (इंजिनची ताकद मागच्या यंत्राला देणारा फिरता दांडा) ब्लोअरला एकसारखे आरपीएम लागतात. माणूस सीटवर कलंडला तरी ट्रॅक्टर त्याच वेगाने ओळीतून पुढे जात राहतो: ओळीच्या टोकाला बांध, पाट, नाहीतर शेततळं. आणि मागे पीटीओ शाफ्ट फिरत असतो. बागेत माणूस एकटा, ब्लोअरच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. पॉवर स्टिअरिंग नसेल तर टोकाला वळवताना खांद्यांवर येणारा जोर, कडक क्लच, अंगभर संरक्षक कपडे आणि तोंडाला मास्क, उन्हात घामाने पाणी कमी होणं. बीपीच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला भोवळ आणायला हे पुरेसं आहे. छाटणीनंतरच्या फवारण्या पावसाळी हवेत एकाआड एक दिवसही कराव्या लागतात, म्हणजे हा एक दिवसाचा प्रश्न नाही. तीन महिन्यांसाठी चालक ठरवा. कोणतं औषध, किती प्रमाण, कोणत्या ओळी, हे बाबांनी बांधावरून सांगावं. त्यांचं ज्ञान तसंही तिथेच जास्त कामाचं आहे.

कारची सुरुवात. चार आठवडे झाले आणि डॉक्टर हो म्हणाले की एकदम नाशिक-मुंबई नको. आधी शेजारच्या सीटवर बसून अर्धा तास फिरवून आणा. त्यातच थकवा, मळमळ, घाम आला तर अजून वेळ आहे. मग उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून क्लच आणि ब्रेक वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून बघा. मग दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्यावर, गाडी चालवता येणारं कुणीतरी शेजारी बसवून १० ते १५ मिनिटं. आठवडाभर हे व्यवस्थित झालं की अर्धा-पाऊण तास. कसारा घाट, रात्रीचं ड्रायव्हिंग आणि हायवे सगळ्यात शेवटी, सहा आठवड्यांचा इको बघून. लांबच्या प्रवासात दर तासा-सव्वा तासाने उतरून पाच मिनिटं चाला. भरपेट जेवून लगेच निघू नका.

चालवण्यापेक्षा बंद पडलेली गाडी ढकलणं, गंजलेले व्हील नट सोडवणं, स्टेपनी उचलणं हे जास्त वाईट. श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम उसळतं. तिथे थांबा, माणूस बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो.

---

मुग्धा_दिंडोरी

दोघांचे खूप आभार. ट्रॅक्टरच्या हात-ॲक्सिलरेटरचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. पहिल्यांदाच काही न बोलता ऐकून घेतलं. आईचा प्रश्न: चालवता चालवताच दुखायला लागलं तर? आणि ती शेजारी असताना बाबांची शुद्धच गेली तर? तिला गाडी येत नाही.

---

क्लचप्लेट

काकूंनी विचारलं ते बरं केलं. हे दोघांनी मिळून उभ्या गाडीत एकदा करून बघावं.

दुखायला लागलं, शुद्ध आहे: इंडिकेटर देऊन गाडी डाव्या कडेला, शक्य तितकी रस्त्याबाहेर. हँडब्रेक, हझार्ड दिवे, इंजिन बंद. खाली उतरून उभं राहायचं नाही. बसूनच सॉर्बिट्रेट जिभेखाली, कारण या गोळीने बीपी उतरतं आणि उभा माणूस कोसळू शकतो. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं तर १०८. ‘दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे, मीच नेतो’ हे करायचं नाही. दुखणं थांबलं तरी त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची. गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात नकोत, उन्हात गाडी तापून त्यांचा गुण जातो.

शुद्ध गेली: काकूंनी डाव्या बाजूने एका हाताने स्टिअरिंग सरळ धरायचं, दुसऱ्या हाताने गिअर न्यूट्रल करायचा. मग हँडब्रेकचं बटन दाबून धरून तो हळूहळू वर ओढायचा. झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. गाडी थांबली की हझार्ड, आरडाओरडा, १०८. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर माणसाला सीटवरून खाली सपाट जमिनीवर घ्या. सीटवर छाती दाबून उपयोग नाही, खालची गादी दबते. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत.

---

परवाना_खिडकी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर. अटॅक आला म्हणून आपण होऊन आरटीओला कळवायची वेगळी पद्धत आपल्याकडे नाही. मात्र नूतनीकरणाच्या वेळी फॉर्म १ मध्ये तब्येतीचं स्वयंघोषणापत्र असतं. त्यात फेफरं, अचानक शुद्ध हरपणं किंवा भोवळ याबद्दल थेट विचारलेलं असतं. शिवाय तुमचं वाहन चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा आजार आहे का, असंही. ते खरं भरा. चाळिशी उलटलेल्यांना फॉर्म १ए म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं. तो फॉर्म भरणाऱ्या डॉक्टरसमोर डिस्चार्ज कार्ड आणि नवा इको ठेवा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८६ लक्षात ठेवा: आपला आजार धोक्याचा आहे हे माहीत असून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवलं तर दंड आहे, पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपयांपर्यंत. कलम १६ प्रमाणे आजाराच्या कारणावरून लायसन्स रद्दही करता येतं.

डिसेंबरची घाई करू नका. मुदत संपल्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. फक्त मधल्या काळात वाहन चालवता येणार नाही, कारण पूर्वीची ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. त्यांच्या वयाला नवं लायसन्स पाच वर्षांचं मिळेल.

---

सातपूर_एमआयडीसी

याच धाग्यात विचारतो. एका नातेवाइकांची बायपास होऊन पाच आठवडे झालेत. ते कंपनीची स्टाफ-बस चालवतात. पगार थांबलाय म्हणून परत जायच्या गडबडीत आहेत.

---

नाडीपरीक्षा

पाच आठवड्यांत बस नाही. बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापून तारेने शिवलेलं असतं आणि ते पक्कं जुळायला आठ ते बारा आठवडे जातात. बसचं मोठं स्टिअरिंग वळवताना नेमका त्याच हाडावर ताण येतो. हात फिरवताना छातीत ‘कट्’ असा आवाज किंवा हाड सरकल्यासारखं वाटलं तर सर्जनला दाखवायचं. पायातली शीर काढली असेल तर तो पाय संध्याकाळपर्यंत सुजतो, पेडलवर जड पडतो. आणि पहिले काही आठवडे लक्ष टिकत नाही, विसरायला होतं, हे घरचे फार क्वचित डॉक्टरांना सांगतात.

तोपर्यंत कारमध्ये मागच्या सीटवर बसावं, म्हणजे समोरची एअरबॅग छातीवर आदळायची भीती नाही. बेल्ट मात्र लावायचाच. टोचत असेल तर छाती आणि बेल्ट यांच्यामध्ये छोटी मऊ उशी.

पगाराचं: त्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल आणि अंशदानाचे दिवस भरत असतील, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आधी ते बघा. नंतरही कंपनीला काही महिने स्टोअर किंवा गेटवरची हलकी ड्युटी मागता येईल.

---

लेस्टरकर

ब्रिटनमधल्या नियमाचा वर उल्लेख आलाय, त्यात बस-ट्रकचा भाग जोडतो, कारण तो बराच कडक आहे. ‘ग्रुप २’ म्हणजे बस आणि लॉरी. अटॅकनंतर डीव्हीएलएला (तिथलं लायसन्स देणारं सरकारी खातं) कळवावंच लागतं आणि किमान सहा आठवडे बंदी. बायपासनंतर तीन महिने. त्यानंतरही ईएफ किमान ४० आणि ट्रेडमिलवर ब्रूस प्रोटोकॉलचे तीन टप्पे, म्हणजे नऊ मिनिटं, त्रास न होता पूर्ण करावे लागतात. आयसीडी बसवलं की ग्रुप २ लायसन्स कायमचं जातं. खासगी कारवाल्याला साध्या अटॅकनंतर डीव्हीएलएला कळवावं लागत नाही. आयसीडी असेल तर लागतं. तो आधीच्या लय-बिघाडामुळे बसवला असेल तर सहा महिने, नुसती खबरदारी म्हणून असेल तर एक महिना कार बंद.

पेसमेकर किंवा आयसीडीवाल्यांसाठी एक बारकावा, भारतातही लागू पडतो. यंत्र बहुधा डाव्या खांद्याखाली असतं. उजव्या बाजूला बसणाऱ्या चालकाचा बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो, त्यामुळे यंत्रावर दाब नाही. शेजारी डावीकडे बसलं की बेल्ट थेट यंत्रावर. तिथे पातळ पॅड लावा, पण बेल्ट काखेखालून घेऊ नका.

---

मुग्धा_दिंडोरी

तीन दिवसांचे बीपीचे आकडे (आडवं / उभं १ मिनिट / उभं ३ मिनिटं):

पहिला दिवस: १२४/७६, ११०/७०, १००/६६
दुसरा: १२०/७४, १०६/७०, ९६/६४
तिसरा: १२६/७८, १०८/७०, ९८/६४

उभं राहिल्यावर ‘डोकं हलकं वाटतं’ म्हणाले. आधी कधी बोलले नव्हते. सकाळी मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल एकत्रच घेतात. साखर दुपारी जेवणाआधी एकदा ७४.

---

नाडीपरीक्षा

तिन्ही दिवस वरचा आकडा २४ ते २८ ने उतरतोय आणि डोकंही हलकं होतंय. म्हणजे चार आठवड्यांचं गणित आता बाजूला ठेवा. हे सुधारेपर्यंत कार नाही, स्कूटर तर नाहीच. सहा आठवड्यांच्या फॉलोअपची वाट बघू नका, हेच आकडे घेऊन उद्याच डॉक्टरांना फोन करा. तीन गोष्टी विचारा: दोन गोळ्यांपैकी एक रात्री घेता येईल का, मात्रा बदलायची का, आणि जेवणाआधी ७४ येत असेल तर ग्लिमेपिराइड कमी करायचं का. स्वतःहून कुठलीही गोळी सोडू नका. रॅमिप्रिल आणि मेटोप्रोलॉल ही दोन्ही त्यांच्या हृदयासाठी आहेत, नुसत्या बीपीसाठी नाहीत.

तोवर अंथरुणातून उठताना आधी एक-दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं. रात्री लघवीला उठताना दिवा लावूनच उठायचं. पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या. ईएफ कमी असलेल्यांना मनाने वाढवून चालत नाही.

मात्रा बदलली की पाच-सात दिवस जाऊ द्या आणि हीच तपासणी पुन्हा तीन दिवस करा. उतार २० च्या आत, भोवळ नाही, साखर ९० च्या वर, असं दिसलं की क्लचप्लेट यांनी सांगितलेल्या पहिल्या पायरीपासून, म्हणजे शेजारच्या सीटवरून, सुरुवात करा.